लोखंडाचा एक धडा, चार तास



लोखंडाचे रासायनिक चिन्ह विचारले, तर आठवीचा मुलगा चटकन सांगतो. पण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा गावाचा पोलादाच्या इतिहासाशी काय संबंध, असे विचारले की तो गप्प होतो. दोष मुलाचा नाही. आपण एकच धातू चार पुस्तकांत वाटून टाकला आहे. तो एकत्र करून पाहू या.

विज्ञान सांगते, खनिजात लोह प्राणवायूशी जखडलेले असते. जळत्या कोळशातून निघणारा वायू तो प्राणवायू हिरावून घेतो आणि धातू मोकळा होतो. जुन्या कारागिरांनी मातीची भट्टी, लाकडी कोळसा आणि भाता यांवर हेच साधले. नागपूर जिल्ह्यातील नायकुंडच्या उत्खननात अशी सुमारे २७०० वर्षांपूर्वीची भट्टी सापडली आहे.

आता इतिहास. १८८२ साली श्वार्ट्झ या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडावरील अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम आणि वरोऱ्याची कोळसा-खाणही जवळ! परंतु तो कोळसा पोलादाच्या भट्टीला योग्य ठरला नाही. पुढे दोराबजी टाटा व भूशास्त्रज्ञ वेल्ड याच रानात हिंडले. खनिजाचे साठे विखुरलेले आढळले. अखेर कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला आणि १९१२ साली तेथे पोलाद तयार झाले. कोळशाचा गुण हा विज्ञानाचा विषय, साठ्यांची जागा हा भूगोलाचा. पण इतिहास घडला तो दोहोंमुळे.

भाषेच्या तासाला मुलांना सांगा, ‘लोह’ संस्कृतातून आले, ‘पोलाद’ फारसीतून. अरबीत लोखंडाला ‘हदीद’ म्हणतात. पवित्र कुरआनातील ५७ व्या सूरहचे नाव तेच आहे.

आणि नागरिकशास्त्र? गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज आज खणले जात आहे. तीच टेकडी माडिया बांधवांच्या ठाकुरदेवाचे ठाणे आहे. रोजगार, रान आणि श्रद्धा यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न उद्या याच मुलांपुढे येणार आहे. केवळ चिन्ह पाठ असलेला मुलगा त्याचे उत्तर कसे देणार?

म्हणून येत्या सुटीत मुलांना गावातील लोहाराच्या भात्याजवळ घेऊन जा. त्यांना प्रश्न विचारू द्या. एखादे उत्तर आपल्याला आले नाही, तर ते त्यांच्याबरोबर बसून शोधा.