घाईने वर आणलेला पोरगा

संगणकावर बेसबॉलचा संघ चालवणाऱ्यांना एक प्रश्न छळतो: होतकरू पोराला कनिष्ठ संघातून वर कधी आणायचे? अमेरिकेतल्या टेक्सास रेंजर्सपुढे तो १९७३ साली खराखुरा उभा राहिला. डेव्हिड क्लाइड अठरा वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. नुकताच शाळेतून बाहेर पडलेला. संघ हरत होता, प्रेक्षक फिरकत नव्हते. मालक बॉब शॉर्ट यांनी २७ जूनला त्याला थेट वरच्या संघात उतरवले. पस्तीस हजारांवर लोक लोटले. पोराने आठ जणांना बाद केले, सामनाही जिंकला. आता त्याला खाली शिकायला पाठवा, असे मॅनेजर व्हाइटी हर्झोग यांचे मत. पण गल्ल्यापुढे कोण ऐकतो? पुढे खांदाही दुखावला. १९७९ साली, चोविसाव्या वर्षी, तो शेवटचा वरच्या संघात खेळला. विजय १८, पराभव ३३.