पास आहे का जी?

आमच्या धानोरा तालुक्यात इंग्रजी शब्द शाळेच्या आधी जंगलातून आले. रेंजर, गार्ड, बीट, डेपो, कूप. ज्याने जन्मात पाटी हातात धरली नाही, तोही हे शब्द बिनचूक वापरायचा. गरजच तशी होती. या सगळ्यांत आमच्या माणसांना सर्वांत जास्त नाचवलं ते ‘पास’ने. मी ग्रामसभेचं दप्तर सांभाळतो. बांबूच्या हंगामात गाड्या लागल्या की दिवसभर पासच लिहीत बसतो. तेव्हा या शब्दाचं कूळ काढायचा थोडाफार हक्क मला आहे असं समजतो.

घरातच बघा. धाकटी एसटीच्या मोफत पासवर कॉलेजात जाते. थोरला दहावीला गणितात नापास झाला होता. ‘ना’ फारशी, ‘पास’ इंग्रजी, आणि दोन्ही मिळून झालेला शब्द शुद्ध मराठी. त्याच्या मास्तरांनी त्याला नववीपर्यंत ढकलपास आणलं होतं, हाही शब्द इंग्रजाला सांगून समजणार नाही. भावाच्या घरकुलाचं बिल पास व्हायचं राहिलंय, मामाची बायपास झाली, आणि गडचिरोलीला जाताना बायपासने गेलं की बाजार चुकतो. गाडी आली की पहिला प्रश्न, कुठली पासिंग? ३३ म्हणजे गडचिरोली, ३४ म्हणजे चंद्रपूर. चौकात नुसती बसलेली पोरं टाइमपास करतात. त्यांना आमच्या आबाजींच्या काळी कुणी पास दिला नसता.

आबाजींना मात्र पासचा एकच अर्थ ठाऊक होता: वरून मिळालेला परवानगीचा कागद. जंगलात गुरं चारायची तर चराईचा पास, आणि तोही जनावरांच्या डोक्यांवर. तो कागद ते घडी करून डब्यात, सातबाऱ्याच्या खाली ठेवायचे. पैशांपेक्षा जपून.

हा कागद आला कुठून? १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, इंग्रजांकडे गेलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी वनखातं उभं केलं आणि १८७८ च्या कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित असे भाग पाडले. १९२७ चा वन कायदा त्याच वळणाचा. त्याच्या ४१ व्या कलमात आमच्या नाक्यांची सगळी कुंडली आहे. जंगलातला माल जमिनीवरून किंवा पाण्यातून हलवायचा तर सरकार नियम करील, अधिकार दिलेल्या माणसाचा पास लागेल, माल तपासता येईल, त्यावर खूण करता येईल. लाकडावर ठोकायच्या हातोड्याला तर ‘पासिंग हॅमर’ हेच नाव पडलं. बुंध्यावर ठसा उठला की लाकूड पास. तेही परीक्षेला बसलेलं.

या कागदाविरुद्ध भांडण काही आजचं नाही. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तो राखीव जंगलातलं गवत विनापरवाना कापून. मिठाचा समुद्र विदर्भात नाही. इथे कायदा मोडायचा तर गवतच हाताशी होतं. मला तर वाटतं, दांडीच्या मिठापेक्षा हे गवत आमच्या माणसाला जास्त कळलं असेल.

आमच्याकडे भानगड आणखी वेगळी. अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्या इथे होत्या, जंगल त्यांचं होतं. १९५१ मध्ये त्या संपल्या आणि ती जंगलं सरकारजमा झाली. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात, आणि १९८२ ला चंद्रपुरातून फुटून गडचिरोली जिल्हा झाला. सरकारं बदलली तरी निस्तार तेवढा टिकला. निस्तार म्हणजे घरगुती गरजेपुरतं लाकूड, बांबू, जळण. वापरा, पण विकू नका. विकायचा झाला की तोच बांबू चोरीचा. बल्लारपूरच्या पेपर मिलला मात्र याच जंगलातून ट्रकच्या ट्रक बांबू जात होता, रीतसर पासवर.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. त्यात बांबू गौण वनउपज, म्हणजे गावाच्या मालकीचा. १९२७ च्या कायद्यात मात्र ‘झाड’ या व्याख्येत बांबूही बसवलेला. शेतकऱ्याला विचारा, नाहीतर वनस्पतीशास्त्र शिकलेल्याला. दोघंही सांगतील की बांबू गवत आहे. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचं पत्र हातात, बांबू उभा, गिऱ्हाईक तयार, पण पास मिळेना. म्हणजे मालकी एकाची आणि दाराची कडी दुसऱ्याच्या हातात.

२१ मार्च २०११ ला केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबू गौण वनउपज माना. २७ एप्रिलला ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्याला आले आणि वाहतूक पासचं पुस्तक गावाचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. आमच्या पिढीला ही तारीख तोंडपाठ आहे. हक्काचं पत्र २००९ चं असलं तरी, माझ्या मते, ते खरं झालं या दिवशी. सप्टेंबर २०१२ मध्ये नियमच बदलला: असा पास ग्रामसभेची समिती देईल, आणि पास लागतो म्हणून विक्रीचा हक्क कमी होणार नाही. शेतातला बांबू तर कायद्यात ‘झाड’ राहिला २०१७ पर्यंत.

आता आमचं पुस्तक कसं असतं ते सांगतो. एकाखाली एक छापील पानं, मध्ये कार्बन. मालाचा प्रकार लिहायचा: लांब बांबू की बंडल. मग नग, गाडीचा नंबर, कुठून कुठे, कोणत्या रस्त्याने, आणि मुदत कधीपर्यंत. खाली सही आणि ग्रामसभेचा शिक्का. मुदत लिहिताना हात आखडतो, कारण गाडी वाटेत बिघडली की पास संपतो आणि कायदेशीर बांबू रस्त्यातच बेकायदा होतो. म्हणून ड्रायव्हरला मी आधी टायर विचारतो, मग नाव. नव्या ड्रायव्हरची नजर शिक्क्यावर अडते. ‘साहेबांची सही कुठे आहे जी?’ हीच, म्हणतो.

२९ डिसेंबर २०२३ पासून देशभर एकच ऑनलाइन पास निघू लागला. राज्याराज्याला वेगळा पास काढायची कटकट टळते, हे बरंच झालं. आमच्या टेकडीवर रेंज येते तेव्हा मीही तो बघतो. रेंज या शब्दाची गोष्ट मोठी आहे, ती पुन्हा कधी.

पण पास देण्याचा अधिकार आला की न देण्याचाही येतो, हे आम्ही हळूहळू शिकलो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळवला, बांबू विकायला घेतला आणि तेंदूपत्ता मात्र तोडायचाच नाही असं ठरवलं. त्यापायी फांद्या छाटतात, आगी लावतात, म्हणून. हंगामात फडावर हातात रोख पैसा येतो, तो सोडणं सोपं नाही. आमच्या सभेत एवढा धीर अजून नाही. तरी मागच्या हंगामात एका घराने ठरलेल्या कूपाबाहेरचा, म्हणजे तोडीच्या पट्ट्याबाहेरचा, बांबू तोडून आणला आणि पास मागितला. घर नात्यातलंच. सभा दुपारपर्यंत चालली, बाया जास्त बोलल्या. मी पुस्तक उघडलं नाही. बांबू गावाच्या समाजमंदिराला लागला, आणि ते घर अजून माझ्याशी नीट बोलत नाही.