मोडीचा रुमाल आणि नातवाचा मोबाइल

चेन्नईहून तंजावरास गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळात थबकल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास तेथील भिंतीवर कोरविला, तो देवनागरीत आहे. शाळकरी मुलासही त्यातील अक्षरे लावता येतात. त्याच दरबाराचे दप्तर मात्र मोडीत आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात ते कागद पाहताना तोच मराठी माणूस निरक्षर ठरतो. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने यांतील कित्येक कागद तमिळमध्ये उतरवून प्रसिद्ध केले आहेत. म्हणजे आपल्याच भाषेतील कागद आज आपण शेजाऱ्यांच्या भाषेतून समजून घ्यावयाचे!

राज्य गेले १८५५ साली. परंतु मोडी गेली ती राज्याबरोबर नव्हे. महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ती शाळेत शिकविली जात होती. मुद्रणाने बाळबोध घरोघरी नेली, पुढे टंकलेखन यंत्र आले आणि एका पिढीची रोजची विद्या पुढच्या पिढीच्या हातून निसटली. संगणकामुळे घराघरांतून आज बाप-लेकांत जे अंतर पडले आहे, त्याची चर्चा मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात चहाच्या वेळी होते. ते अंतर अगदीच नवे नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

माझे वडील १९६५ साली सातारा जिल्ह्यातून मद्रासेस आले, केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून म्हणून. मोडी त्यांना प्राथमिक शाळेत मिळालेली. येथे ती निरुपयोगी. येथे विचारीत ते ‘लोअर’ झाली का आणि ‘हायर’ झाली का. मैलापूर, त्यागरायनगर, पेरांबूर या भागांत गल्लोगल्ली टंकलेखनाच्या संस्था होत्या आणि संध्याकाळी तेथून वीस-वीस यंत्रांचा खडखडाट रस्त्यावर ऐकू येई. तमिळ मुलांच्या शेजारी बसून वडिलांनी दोन्ही परीक्षा दिल्या. सातारच्या आजोबांना या विद्येचे कौतुक नव्हते. “अक्षर हाताचे असावे, बोटांचे नव्हे,” असे ते म्हणत.

पुढे संगणक आला. आय. आय. टी. मद्रासमध्ये जर्मन साहाय्याने आय. बी. एम. ३७०/१५५ हे यंत्र १९७३ साली बसले. पण ते प्राध्यापकांचे, छिद्रे पाडलेल्या कार्डांचे जग होते. सामान्य माणसाने संगणक प्रथम अनुभवला तो रेल्वेच्या खिडकीवर. मद्रासेत १९८७ साली संगणकीय आरक्षण सुरू झाले. मे महिन्यात दादरला जावयाचे म्हणजे पहाटे सेंट्रलला रांग लावणे हे वडिलांचे खास खाते होते. कोणत्या खिडकीवरचा बाबू भला, हेही त्यांना ठाऊक असे! २००२ साली इंटरनेटवरून तिकिटे मिळू लागली आणि ते खाते न बोलता माझ्याकडे आले. घरातील सत्तांतरे अशीच होतात.

कचेरीतील कथा याहून मौजेची. मी १९९४ साली नोकरीस लागलो तेव्हा संगणक थंड खोलीत झाकून ठेवलेला असे. आत शिरताना चपला बाहेर. यंत्रे मेजावर आली तेव्हा असे दिसले की, टंकलेखक झपाट्याने शिकले, कारण इंग्रजी अक्षरांच्या कळा यंत्रावर होत्या तेथेच होत्या. आणि जन्मभर लघुलेखकास मजकूर सांगणारे साहेब दोन बोटांनी अक्षरे शोधीत बसले. तेथे अंतर वयाचे नव्हते, हुद्द्याचे होते. देवनागरीची गोष्ट निराळी. कानपूरच्या आय. आय. टी. त आरंभ झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले ‘जिस्ट’ तंत्र आम्हांस मिळाले, तरी टंकलेखन यंत्राची सवय सोडून नवी कळरचना शिकावयास फारसे कोणी राजी नव्हते. मीही नव्हतो, हे कबूल केले पाहिजे.

आता माझी पाळी आहे. वडिलांचे वय पंच्याऐंशीच्या घरात. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ‘जीवन प्रमाण’ योजना २०१४ साली निघाली. परंतु त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, ठसा उमटेना. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली. पहिल्या वर्षी त्यांनी फोन हातात घेतला, दोनदा चुकले, आणि मी तो त्यांच्या हातातून काढून घेऊन काम उरकले. पुढची दोन वर्षे त्यांनी फोन मागितलाच नाही. नुसते खुर्चीत ताठ बसून राहत. चूक माझी होती. ती दाखविली चिरंजीवांनी. गेल्या नोव्हेंबरात त्याने फोन आजोबांच्या हाती दिला, स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि नुसते तोंडाने सांगत राहिला. अर्धा तास लागला. दाखला मिळाला.

त्याच सुटीत कपाटातील रुमाल सुटला. त्यात आजोबांनी आपल्या भावास लिहिलेली, जमिनीच्या वाटणीची मोडी पत्रे आहेत. घरात ती वाचू शकणारा माणूस एकच. मोडीस २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणजे ती लिपी संगणकावर लिहिता येते, हे चिरंजीवांनीच सांगितले. त्याला स्वतःला मात्र मराठीदेखील रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय. वडील वाचू लागले, तो तसेच लिहू लागला. वडिलांनी ते पाहिले आणि म्हणाले, “हे मला वाचता येत नाही. बाळबोधीत लिही.” तेव्हा त्याने फोन त्यांच्यापुढे धरला व बोलावयास सांगितले. वडील बोलत गेले, फोन लिहीत गेला. एके ठिकाणी ‘माळ’ या शब्दाचा त्याने ‘माल’ केला. वडिलांनी चष्मा सरसावून चूक दाखविली आणि दुरुस्तीची कळ शोधू लागले. या वेळी मी हात पुढे केला नाही.