सन २०१३ : डौंडिया खेडा आणि जगातील अन्य उत्खनने

लखनौच्या चौक भागात, गोल दरवाजा ते अकबरी दरवाजा या जुन्या बाजारपेठेत, सराफांच्या पेढ्या आहेत. तेथील व्यवहार ग्रॅम आणि तोळ्यांत चालतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये मात्र याच शहरापासून काही तासांच्या अंतरावर तब्बल एक हजार टन सोन्याची चर्चा सुरू झाली. दहा ग्रॅमचा तोळा धरल्यास हे सोने दहा कोटी तोळे भरते. भारतीय रिझर्व्ह बँकेकडे त्या वर्षी असलेला सोन्याचा साठा सुमारे ५५८ टन होता, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना यावी.

उन्नाव जिल्ह्यात गंगेच्या काठी डौंडिया खेडा हे गाव आहे. येथील राजे राव रामबक्ष सिंह यांना १८५७ च्या उठावातील सहभागाबद्दल इंग्रजांनी फाशी दिले. त्यांच्या पडक्या गढीखाली खजिना असल्याचा दृष्टान्त झाल्याचे साधू शोभन सरकार यांनी सांगितले आणि सरकारदरबारी पत्रव्यवहार केला. केंद्रीय राज्यमंत्री चरणदास महंत यांनी गावाला भेट दिली. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तेथे पाहणी करून जमिनीखाली धातू असण्याची शक्यता नोंदवली. या अहवालाच्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या लखनौ मंडळाने १८ ऑक्टोबर २०१३ रोजी उत्खनन सुरू केले. हे काम स्वप्नावरून नव्हे, तर अहवालावरून हाती घेतल्याचा खुलासा सरकारला वारंवार करावा लागला.

गावात दूरचित्रवाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली. बघ्यांची गर्दी झाली, पोलीस बंदोबस्त वाढला. सोने हाती येण्यापूर्वीच त्यातील वाट्यावर दावे सांगितले जाऊ लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. न्यायालयाने खोदकाम थांबवण्याचा आदेश दिला नाही. सुमारे महिनाभराने काम थांबवण्यात आले. सोने मिळाले नव्हते. मिळाली ती खापरे, विटांचे बांधकाम, बांगड्यांचे तुकडे आणि लोखंडी खिळे. वाहिन्यांच्या गाड्या तोवर परतल्या होत्या.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने हे अपयश म्हणता येणार नाही. एकाच जागी वेगवेगळ्या काळात माणसे कशी राहिली, हे अशा खापरांवरूनच कळते. अडचण होती ती अपेक्षेची. खजिना शोधण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात खापर निघाले, तर ते निराशेचे कारण ठरते. त्याच वर्षी अन्यत्र झालेल्या कामांशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो.

नेपाळमधील लुंबिनी येथे मायादेवी मंदिराच्या आत झालेल्या उत्खननाचे निष्कर्ष नोव्हेंबर २०१३ मध्ये, म्हणजे डौंडिया खेड्याचे काम थांबल्यानंतर काही दिवसांतच, जाहीर झाले. ब्रिटनच्या डरहॅम विद्यापीठाचे रॉबिन कनिंगहॅम आणि नेपाळचे कोश प्रसाद आचार्य यांच्या पथकाला अशोककालीन विटांच्या बांधकामाखाली लाकडी वास्तूच्या खुणा आढळल्या. या खुणा म्हणजे खांब रोवल्याने मातीत उरलेले खळगे. कोळशाचे कण आणि वाळूचे कण यांच्या परीक्षणावरून ही वास्तू इसवी सनपूर्व सहाव्या शतकातील असल्याचे पथकाने सांगितले. बुद्धाच्या काळाविषयीच्या चर्चेला त्यामुळे नवा आधार मिळाला. तेथे सोन्याचा कणही निघण्याची गरज नव्हती.

सोने निघालेही, पण पेरू देशात. एल कास्तियो दे ह्वार्मेय येथे पोलंडच्या मिवोश गियेर्श यांच्या पथकाला वारी साम्राज्याच्या काळातील न लुटलेली थडगी सापडली. त्यांत साठाहून अधिक व्यक्तींचे अवशेष, तीन राजस्त्रिया आणि सोन्याचांदीचे दागिने होते. चोरांच्या भीतीने हे काम अनेक महिने गुप्त ठेवण्यात आले व जून २०१३ मध्ये जाहीर करण्यात आले. डौंडिया खेड्यात नेमके उलट घडले: आधी प्रसिद्धी, मग कुदळ.

इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील वादी अल-जर्फ येथे फ्रान्सचे पिएर ताले यांच्या पथकाला सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे लिखित पपायरस मिळाले. मेरेर नावाच्या अधिकाऱ्याने त्यांत तुरा येथील चुनखडीचे दगड नावांतून गिझाच्या पिरॅमिडसाठी नेल्याची रोजची नोंद ठेवली आहे. दक्षिण आफ्रिकेतील रायझिंग स्टार गुहेत सप्टेंबरमध्ये दृष्टीस पडलेल्या हाडांवरून पुढे २०१५ मध्ये 'होमो नालेदी' ही नवी मानवसदृश प्रजाती जाहीर झाली. इंग्लंडमधील लेस्टर येथे वाहनतळाखाली २०१२ मध्ये मिळालेला सांगाडा राजा तिसरा रिचर्ड याचाच असल्याचे फेब्रुवारी २०१३ मध्ये सांगण्यात आले.

शोभन सरकार यांचे २०२० मध्ये निधन झाले. डौंडिया खेड्याचे नाव मात्र पुरातत्त्वाच्या नोंदींत खजिन्याच्या कितीतरी आधीपासून आहे. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ह्युएन त्संग याने वर्णिलेले हयमुख हेच असावे, असे मत मांडले होते. ते सर्वमान्य झालेले नाही. या चिनी यात्रेकरूने हयमुख येथे पाच विहार आणि सुमारे एक हजार भिक्षू असल्याचे लिहून ठेवले आहे.