क, त, ब : लिहिण्याच्या शब्दांचं एक घराणं

जमिनीचं खरेदीखत, गहाणखत हे शब्द आपल्याला पाठ आहेत. त्यातलं 'खत' म्हणजे शेतात टाकायचं खत नव्हे, बरं का. हे खत अरबी भाषेतून आलं. तिथे 'खत्त' म्हणजे ओढलेली रेघ, आणि त्यावरून हाताचं अक्षर, लिहिलेला कागद. गटाच्या वहीत आपण 'हिशेब' लिहितो, वर 'तारीख' टाकतो, ठरावाचा 'मसुदा' करतो. हे तिन्ही शब्दही अरबीच. बहामनी, निजामशाही, आदिलशाहीच्या कचेऱ्यांमधून फारसीचा हात धरून ते आपल्या घरात आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी खरेदीखत काही गेलं नाही.

आज आम्ही या शब्दांच्या माहेराबद्दल बोलणार आहोत. अरबी, हिब्रू, अरामी, जुन्या बाबिलोनची अक्कादी, इथिओपियातली गीझ या सगळ्या एका कुळातल्या भाषा. अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मन अभ्यासकांनी या कुळाला 'सेमिटिक' म्हटलं. नाव घेतलं बायबलमधल्या नोहाचा मुलगा शेम याच्यावरून. मराठी, हिंदी, गुजराती जशा एकमेकींच्या बहिणी, तशाच याही.

या भाषांची शब्द घडवायची रीत मजेची आहे. चुलीला तीन दगड लागतात, तशी शब्दाला तीन व्यंजनं. दगड जागचे हलत नाहीत, वरचं भांडं मात्र बदलतं. क, त, ब ही तीन घ्या. त्यांच्यात लिहिण्याचा अर्थ आहे. अरबीत 'कतबा' म्हणजे त्याने लिहिलं. 'किताब' म्हणजे पुस्तक, 'कातिब' लिहिणारा, 'मकतूब' लिहिलेलं, 'मकतब' लिहायची जागा, म्हणजे कचेरी किंवा शाळा, आणि 'मकतबा' पुस्तकांची जागा, म्हणजे ग्रंथालय. मधले स्वर बदलले, पुढे 'म' लागला की नवा शब्द तयार.

आता हिब्रूकडे या. तिथे 'कातव' म्हणजे त्याने लिहिलं आणि 'मिख्ताव' म्हणजे पत्र. 'ब' चा 'व' झाला एवढंच. हिंदीत बीस आणि मराठीत वीस, तसंच हे. अरामीच्या सिरियाक बोलीत 'कताबा' म्हणजे पुस्तक.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. कुस्तीत पैलवानाला 'किताब' मिळतो, तो या घरचा नाही. तो 'खिताब', म्हणजे पदवी. त्याचं मूळ ख, त, ब. मराठीच्या तोंडात दोन्ही एकसारखे झाले.

सगळ्या बहिणी क-त-ब वापरतात असंही नाही. बाबिलोनचे लोक ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा उमटवत. लिहिण्याला ते 'शतारू' म्हणत. त्याच मुळाचा अरबीत 'सत्र' आहे, म्हणजे ओळ. ज्यू लोकांच्या व्यवहारात 'श्तार' म्हणजे दस्त, कर्जरोखा, आणि आजच्या हिब्रूत पोलिसाला 'शोतेर' म्हणतात. लिहिणारा आणि हुकूम चालवणारा पूर्वी एकच असावा, असं आम्हाला तरी यावरून वाटतं. इथिओपियात आणखी वेगळं मूळ, 'सहफ'. त्यावरून तिकडे पुस्तकाला 'मस्हफ' म्हणतात. अरबांनी कुराणाच्या ग्रंथाला 'मुस्हफ' म्हटलं, तो शब्द तिथूनच घेतलेला.

आपल्या 'हिशेबा'चंही असंच. हिब्रूत 'हाशव' म्हणजे विचार केला आणि 'हेश्बोन' म्हणजे हिशेब. तिकडे संगणकालाही याच मुळावरून 'माहशेव' म्हणतात. 'तारीख' चंद्रावरून आली असं अभ्यासक मानतात. हिब्रूत 'यारेआह' म्हणजे चंद्र. तिथीही आपण चंद्रावरूनच मोजतो की. आणि 'मसुदा' म्हणजे काळा केलेला. कच्च्या लिखाणात इतकी खाडाखोड असते की कागद काळा होतो.

पण हे सगळं ज्या शब्दासाठी सांगायला घेतलं तो अजून यायचाच आहे. तो म्हणजे 'केतुबा'. तोही क-त-ब चाच, अर्थ 'लिहिलेलं'. ज्यू लग्नात नवरा बायकोला एक लेख लिहून देतो, तो केतुबा. घटस्फोट झाला किंवा नवरा वारला, तर तिला किती रक्कम द्यायची ते त्यात असतं. आपल्या रायगड जिल्ह्यातले मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना लोक शनिवार तेली म्हणत, त्यांच्या लग्नातही केतुबा असतो. इजिप्तमध्ये मुसलमानांच्या निकाहाला 'कत्ब-अल-किताब' म्हणतात. शब्दशः अर्थ, किताब लिहिणं. लग्नाचं नावच लिखाणावरून पडलंय.

या केतुबाचा खरा उपयोग काय, हे एका बाईच्या कागदांवरून कळतं. तिचं नाव बाबाथा. सुमारे 1,900 वर्षांपूर्वी मृत समुद्राच्या दक्षिणेला माओझा नावाच्या गावात ती राहायची. खजुराच्या बागा तिच्या मालकीच्या होत्या. रोमन राज्य होतं. इ.स. 127 मध्ये मोजणी झाली, तेव्हा तिने आपल्या बागांची नोंद करून घेतली. पहिला नवरा वारला, पदरात लहान मुलगा. मुलाच्या पैशांवर दोन पालक नेमले होते. ते महिन्याला फक्त 2 दिनार खर्चाला देत. बाबाथा गप्प बसली नाही. तिने दावा केला की हे पुरत नाही. रक्कम माझ्या हाती द्या, मी माझी मालमत्ता तारण ठेवते आणि मुलावर जास्त खर्च करून दाखवते.

आणि बाबाथाला लिहिता येत नव्हतं! त्या कागदावरच नोंद आहे, तिला अक्षरं येत नाहीत म्हणून तिच्या सांगण्यावरून दुसऱ्याने लिहिलं. आपल्याकडे 'निशाणी अंगठा' लिहितात ना, अगदी तसंच.

दुसरं लग्न तिने यहूदा नावाच्या माणसाशी केलं. त्याचा केतुबा अरामी भाषेत आहे. पुढे इ.स. 128 च्या फेब्रुवारीत यहूदाने तिच्याकडून 300 चांदीचे दिनार ठेव म्हणून घेतले आणि तसं लिहूनही दिलं. तू मागशील तेव्हा परत करीन, असा करार. नवऱ्याला पैसे दिले तेही लेखी! आपल्यापैकी किती जणींनी गटाचं कर्ज काढून घरात दिलं आणि कुठे त्याची ओळही नाही, ते ज्याचं त्याने आठवावं. दोन वर्षांत यहूदा वारला. त्याची दुसरी बायकोही होती, आणि मालमत्तेवरून दोघी सवतींचं भांडण रोमन अधिकाऱ्यापर्यंत गेलं. पण बाबाथाने केतुबा आणि ठेवीपोटी यहूदाच्या खजुराच्या बागा ताब्यात घेतल्या होत्या. इ.स. 130 मध्ये तिने तिथलं खजुराचं पीक विकलं, त्याचाही कागद आहे. बागा आपल्याकडे कशापोटी आहेत, ते तिने त्यात लिहवून ठेवलंय.

इ.स. 132 मध्ये ज्यू लोकांनी रोमनांविरुद्ध बंड केलं. पळापळीत बाबाथा एका उंच कड्यातल्या गुहेत लपली असावी. तिचं पुढे काय झालं ते कागद सांगत नाहीत. 1961 साली यिगाएल यादीन यांच्या पथकाला त्या गुहेत कातडी पिशवी सापडली. आत तिचे 35 कागद होते. काही अरामीत, काही तिच्या बहीणभाषेत, नबातीत, आणि बरेचसे ग्रीकमध्ये, कारण सरकारदरबारी ग्रीक चालायची. म्हणजे जी बाई एकही भाषा लिहू शकत नव्हती, तिचे कागद तीन भाषांत होते. ते तिने गुंडाळून, बांधून, विषयवार वेगळे करून ठेवले होते. जवळच चपला, सुताचे गुंडे, किल्ल्या आणि एक विळा मिळाला.