फसलेल्या स्फोटानंतरचे दहा दिवस

धारहून मांडूकडे निघालेल्या वाटसरूला गडाच्या अलीकडे नालछा हे गाव लागते. मांडूच्या महालांची ओढ लागलेला प्रवासी तेथे सहसा थांबत नाही. परंतु १५३५ साली हुमायून बादशहाची छावणी याच नालछ्यास पडली होती, आणि वर गडावर गुजरातचा सुलतान बहादूरशहा होता. गडाचा तट कोसच्या कोस पसरलेला, दरवाजे भक्कम, शिबंदीही पुरेशी. तहाची बोलणी सुरू झालेली होती. मंदसोरहून माघार घेऊन आलेले लोक दमलेले होते. त्यातून बोलणी चालू आहेत म्हटल्यावर पहाऱ्यावरची नजर सैल पडली. उत्तररात्री सुमारे दोनशे मोगल शिपाई गडाच्या पिछाडीस गेले, शिड्या आणि दोर लावून तट चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. सुलतान जागा झाला तो शत्रूच्या गलबल्याने. तो कसाबसा निसटून चांपानेरकडे गेला.

गडावर पहारेकरी कमी नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नजर कोठे ठेवावयाची, याचे भान मात्र सुटले होते. पुढे हा मुलूख धारच्या पवारांकडे आला, गेला, आणि बहादूरशहाची ती रात्र बखरीपुरती उरली. पण तसेच भान चारशे तेरा वर्षांनी दिल्लीत सुटले. आणि तेथे तर येणाऱ्या संकटाने आपली वर्दी आगाऊ दिली होती, तीही स्फोटाच्या आवाजाने.

२० जानेवारी १९४८ ची सायंकाळ. दोनच दिवसांपूर्वी गांधीजींनी आपले अखेरचे उपोषण सोडले होते. बिर्ला भवनाच्या हिरवळीवर प्रार्थना चालू होती. ध्वनिक्षेपक बिघडलेला असल्याने त्यांचे क्षीण शब्द डॉ. सुशीला नय्यर मोठ्याने सांगत होत्या. इतक्यात मागच्या कुंपणभिंतीपाशी मोठा आवाज झाला. लोक उठले, धावाधाव झाली. गांधीजी जागचे हलले नाहीत. कोठेतरी लष्कराची चांदमारी चालू असावी अशी त्यांची समजूत झाली. भिंत थोडी ढासळली, माणूस मात्र एकही दगावला नाही. स्फोट करणारा मदनलाल पाहवा हा पंजाबी निर्वासित तरुण तेथेच पकडला गेला. त्याला भिंतीपाशी काहीतरी ठेवताना एका स्त्रीने पाहिले होते आणि तिनेच तो दाखवून दिला. त्याच्या अंगावर एक हातबॉम्बही सापडला. त्याचे साथीदार मोटारीतून निघून गेले.

या घटनेचा लोकांवर झालेला परिणाम पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या दिवशी बिर्ला भवनात चौकशीचे व अभिनंदनाचे निरोप येऊ लागले. खुद्द लेडी माउंटबॅटन भेटून गेल्या. गांधीजींनी ही स्तुती स्वीकारली नाही. चांदमारी समजून आपण बसून राहिलो, त्यात शौर्य कसले, असा त्यांचा सवाल होता. बॉम्ब समोर फुटला असता आणि तरीही मारणाऱ्याविषयी मनात द्वेष आला नसता, तर ते अभिनंदन आपल्याला शोभले असते, असे ते म्हणाले. त्या तरुणाचा कोणी तिरस्कार करू नये, पोलिसांनीही त्याला छळू नये, हे त्यांनी प्रार्थनासभेत सांगितले.

इतरांच्या मनात मात्र सुटकेचा निःश्वास होता. उपोषण चालू असतानाच बिर्ला भवनाच्या बाहेर निर्वासितांचे काही घोळके गांधीजींना मरू द्या अशा घोषणा देऊन गेले होते. तेव्हा घरदार गमावलेल्या एका पोराने रागाच्या भरात स्फोट केला, तो फसला, पोर सापडले, प्रकरण मिटले, असा सोपा अर्थ हाताशी तयारच होता. फसलेला घात माणसाला घाबरवीत नाही. दैव आपल्या बाजूचे आहे अशी खोटी खात्री तो देऊन जातो. चौदा वर्षांपूर्वी, २५ जून १९३४ रोजी, पुण्यात नगरपालिकेच्या समारंभास जात असता गांधीजींची समजून दुसऱ्याच मोटारीवर बॉम्ब टाकला गेला होता. सातजण जखमी झाले, गांधीजी वाचले, गुन्हेगार अखेरपर्यंत सापडला नाही, आणि पुणेही ते हळूहळू विसरले.

बिर्ला भवनावर स्फोटापूर्वी एक हवालदार व चार शिपाई असत. स्फोटानंतर एक सहायक फौजदार, दोन हवालदार आणि सोळा शिपाई नेमले गेले. साध्या वेशातली माणसेही ठेवली गेली. प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घ्यावी अशी पोलिसांची सूचना होती. गांधीजींनी ती साफ नाकारली. प्रार्थनास्थळी झडती, ही कल्पनाच त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. सरदार पटेलांनी पुढे हे सारे लोकप्रतिनिधींपुढे मांडले, आणि ते खरेही होते. पण झडती नको म्हटल्याने शोधाचे सगळे मार्ग बंद होतात असे नाही. ज्याला शोधावयाचे त्याचा चेहरा माहीत असला, तर खिसे तपासावे लागत नाहीत.

तो चेहरा ओळखण्याचे धागे हाती होते. मदनलालने पहिल्याच जबानीत करकऱ्यांचा आणि पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख केला. 'अग्रणी' किंवा 'हिंदुराष्ट्र' हे त्या पत्राचे नाव, थोड्या अपभ्रष्ट रूपात का होईना, दिल्लीच्या कागदांवर उमटले होते. कॅनॉट प्लेसमधील मरीना हॉटेलात देशपांडे या नावाने राहिलेले दोघे घाईने निघून गेले होते. धुण्यास टाकलेल्या त्यांच्या कपड्यांवर 'एन. व्ही. जी.' ही आद्याक्षरे होती. दिल्लीच्या अंमलदाराला ती तीन अक्षरे मुकी वाटली तर नवल नाही. पुण्यात मात्र त्या पत्राचा संपादक नथुराम विनायक गोडसे आणि व्यवस्थापक नारायण आपटे, हे कोणत्याही वृत्तपत्रविक्रेत्याने सांगितले असते. मुंबई सरकारच्या दप्तरातील वृत्तपत्रांच्या यादीतही ते नाव होते. खुद्द मदनलाल नगरला अपरिचित नव्हता. ५ जानेवारीस तेथे रावसाहेब पटवर्धनांच्या सभेत दंगा करणाऱ्यांत तो होता.

मुंबईत आणखी एक माणूस अस्वस्थ झाला होता. रुइया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालला निर्वासित म्हणून आपली पुस्तके विकावयास दिली होती. जानेवारीच्या मध्यास त्याने त्यांच्याजवळ कटाची गोष्ट काढली. प्राध्यापकांना ती बढाई वाटली. स्फोटाची बातमी वाचताच ते मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. त्याच सायंकाळी मोरारजींनी स्थानकावर पोलीस उपायुक्त नगरवाला यांना हकीकत सांगितली आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबादेस सरदार पटेलांच्या कानावर घातली.

म्हणजे दिल्लीजवळ संपादक होता, मुंबईजवळ करकरे होता, आणि पुण्याला व नगरला माणसे तोंडओळखीची होती. हे तुकडे एका टेबलावर मात्र आले नाहीत. दिल्लीहून दोन पोलीस अधिकारी मुंबईस पाठविण्यात आले. दोन-तीन दिवसांत ते परत पाठविले गेले. त्यांनी संपादकाविषयी काय सांगितले, यावर पुढे दोन्ही बाजूंच्या साक्षी जुळल्या नाहीत. मुंबई प्रांताच्या गुन्हे अन्वेषण खात्याचे प्रमुख राणा तेव्हा दिल्लीतच होते. मदनलालची सविस्तर जबानी घेऊन ते २५ तारखेस निघाले, पण विमानाने नव्हे. आगगाडीने, तेही अलाहाबादमार्गे. मुंबईस पोहोचले २७ जानेवारीस.

त्याच २७ जानेवारीस गोडसे आणि आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीस गेले! एकाने नारायणराव आणि दुसऱ्याने विनायकराव असे नाव लावले होते. १७ तारखेच्या विमानप्रवासात तेच दोघे करमरकर आणि मराठे झाले होते. त्या काळी विमानतळावर सामान तोलले जाई, तिकीट पाहिले जाई. प्रवासी सांगेल ते त्याचे नाव. शोध घेणारा आगगाडीत आणि ज्याचा शोध घ्यावयाचा तो विमानात, असा हा उलटा योग होता. दिल्लीहून ते दोघे ग्वाल्हेरीस गेले, तेथे पिस्तूल मिळाले, आणि २९ तारखेस परतले.

विमानतळावरील प्रवाशाकडे संशयाने पाहण्याची गरज जगाला फार उशिरा कळली. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूस निघालेले 'गंगा' विमान खेळण्यातले पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब दाखवून लाहोरला पळविण्यात आले. १९७६ च्या विमानअपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष निघाला, आणि १९८५ च्या कनिष्क दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, त्याचे स्वतंत्र खाते झाले. यंत्रे आली, झडती आली. तरीही २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका नायजेरियन तरुणाने अंतर्वस्त्रात लपविलेली स्फोटके पेटविण्याचा यत्न केला. स्फोट फसला, सहप्रवाशांनी त्याला धरले. मग कळले की त्याच्या बापाने महिन्याभरापूर्वीच अमेरिकन वकिलातीत जाऊन मुलाविषयी सावध केले होते. त्याचे नाव एका यादीत पडले होते. विमानात चढू न देण्याच्या यादीत ते गेले नव्हते. लोकांनी अधिक यंत्रे मागितली, सरकारने ती बसविली. बापाचे बोलणे मात्र यंत्राच्या कक्षेतले नव्हते.

१९४८ च्या त्या दहा दिवसांची किंमत महाराष्ट्रानेही मोजली. ३० जानेवारीनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत शेकडो घरे जळाली; ज्यांचा कटाशी काडीचा संबंध नव्हता अशांची. १० फेब्रुवारी १९४९ रोजी लाल किल्ल्यातील निकालात न्यायाधीश आत्माचरण यांनी २० ते ३० जानेवारीमधील पोलिसांच्या ढिलाईवर बोट ठेवले. नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यातील एका समारंभात 'केसरी'चे माजी संपादक ग. वि. केतकर यांनी नथुरामाचा विचार आपणास आधी कळला होता आणि बाळूकाका कानेटकरांमार्फत खेरांना सूचना दिली होती, असे सांगितले. संसदेत गहजब झाला. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने १०१ साक्षीदार तपासले आणि १९६९ मध्ये अहवाल दिला. त्यातली एक नोंद साधी आहे: कटवाल्यांना ओळखू शकतील अशी मुंबई प्रांताची पोलिसमाणसे बिर्ला भवनावर ठेवता आली असती.

३० जानेवारीच्या सायंकाळी पाचच्या सुमारास नथुराम गोडसे बिर्ला भवनाच्या फाटकातून इतर लोकांबरोबर आत गेला. पहारा जागेवर होता. त्यात पुण्याचा कोणी नव्हता.