संमतिवयाचा वाद आणि धर्माची हाक

समाजाची नीती बदलू लागली की 'धर्म बुडाला' अशी हाक उठते. ती हाक नुसती थट्टेवारी नेणे आम्हांस रास्त वाटत नाही. ती कोण देतो, कोणत्या भीतीने देतो आणि जुन्या रीतीची किंमत कोण मोजतो, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी १८९१ सालच्या संमतिवयाच्या वादाइतके बोलके उदाहरण नाही.

१८६० च्या दंडसंहितेने दहा वर्षांखालील पत्नीशी समागम हा गुन्हा ठरविला होता. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संगाने मरण पावली. तिचे वय दहाच्या वर, म्हणून बलात्काराचे कलम लागू पडेना. नवऱ्याला किरकोळ कलमाखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढे जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी हे वय बारा करण्याचे विधेयक मांडले.

त्यावर महाराष्ट्रात आणि बंगालमध्ये सभांचा धुरळा उडाला. पहिला आक्षेप शास्त्राचा : प्रथम ऋतुदर्शनानंतर ठराविक मुदतीत गर्भाधान झाले पाहिजे; बाराच्या आत ऋतू आला तर कायदा धर्मकृत्याच्या आड येतो. दुसरा आक्षेप राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याचा; त्यात धर्मात हात न घालण्याचे वचन होते. तिसरा सर्वांत वजनदार : परक्या सरकारने आमच्या घरात का शिरावे? 'केसरी'तून टिळकांनी हा मुद्दा लढविला. ते बालविवाहाचे भक्त नव्हते. १८९० मध्येच त्यांनी मुलीचे लग्न सोळाच्या आधी व मुलाचे विसाच्या आधी करू नये, अशी कलमे सुधारकांपुढे ठेवली होती. ती ज्याने त्याने स्वतः पाळावीत, कायद्याने लादू नयेत, असे त्यांचे म्हणणे. उलट बाजूस डॉ. भांडारकरांनी शास्त्रग्रंथांच्याच आधारे दाखविले की गर्भाधान लांबणीवर टाकण्यास धर्माची आडकाठी नाही. म्हणजे एकाच पोथीतून दोन उत्तरे निघाली!

या साऱ्या गदारोळात जिच्या देहाचा प्रश्न, तिला कोणी विचारले? विचारले नव्हते तरी एक बाई बोलली होती. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवऱ्याने नांदायला नेण्यासाठी दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या.

आम्ही कामगार संघटनेतली माणसे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. संमतिवयाचा कायदा हा १८९१ चा दहावा; त्याच साली लागलीच अकरावा आला तो कारखान्यांचा. त्याने गिरणीत घ्यायच्या मुलांचे किमान वय सातवरून नऊ केले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे काम सात तासांवर आणले. आठवड्याची सुट्टीही त्यात आली. तिच्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून झगडत होते. तेथे 'धंदा बुडाला' अशी हाक उठली, आणि हा लँकेशायरचा डाव आहे असे देशी पत्रांनीही लिहिले. लँकेशायरचा स्वार्थ होता, हे खरेच; पण साच्यापाशी पेंगणाऱ्या पोराला त्यामुळे झोप थोडीच मिळत होती? परक्या सरकारवरचा रागही तसाच खरा. पण तो राग फुलमणीच्या कामी आला नाही.

धर्म बुडाला नाही. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. देवळे उभीच आहेत, वारी चालूच आहे. पण नुसत्या कायद्यानेही मुली वाचल्या नाहीत. १८९१ च्या कायद्याखाली खटले फारच थोडे झाले, कारण तक्रार करणारे घरातलेच आणि दडपणारेही घरातलेच. कायद्यामागे जागती माणसे उभी राहिली तरच कागदावरचे वय अंगणात उतरते. म्हणून पुढल्या वेळी धर्माची हाक ऐकू आली, की हाक देणाऱ्याचे म्हणणे जरूर ऐकावे. पण त्याआधी जिच्या वा ज्याच्या अंगावर ती रीत पडते, त्याला बोलू द्यावे.